साखळी ते कुंपण : घराच्या आवारातील लहान कुत्र्याच्या सुरक्षित बंदिस्तीचा इतिहास

प्रस्तावना

मानवाने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत जुना सोबती होय. गाय, शेळी किंवा घोडा यांना बांधून अथवा कोंडून ठेवण्याच्या प्रश्नाचा विचार कृषी इतिहासात विस्ताराने झालेला आहे. दावे, खुंटा, गोठा, कोंडवाडा हे शब्दच त्या विचाराची साक्ष देतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न गुंतागुंतीचा ठरला. कारण ज्या प्राण्याने घराची राखण करावयाची त्यालाच बांधून ठेवले तर राखण कशी होणार आणि मोकळे सोडले तर वाटसरूचे काय होणार, असा हा पेच होता. त्यातही कुत्रा लहान चणीचा असेल तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. लहान कुत्र्यापासून जगाला फारसा धोका नसतो. धोका असतो तो जगाकडून त्याला. रस्त्यावरील वाहन, चोर, मोठा कुत्रा, रानातील श्वापद यांच्यापासून त्याला वाचवावयाचे असते. आवारातील कुत्रा बंदिस्त ठेवण्याची जी साधने इतिहासात पुढे आली, त्यांपैकी बहुतेक साधने पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्माला आली आणि पुढे काहीही विचार न करता दुसऱ्या प्रश्नालाही लावली गेली. प्रस्तुत लेखात या साधनांचा मागोवा याच दृष्टीने घेतला आहे.

प्राचीन कायदे आणि साखळी

कुत्र्याला आवरून ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर टाकणारा एक अतिप्राचीन पुरावा मेसोपोटेमियातील एश्नुन्ना या नगरराज्याच्या कायदेसंहितेत सापडतो. ही संहिता इ.स.पूर्व अठराव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे हम्मुराबीच्या संहितेहून किंचित जुनी मानली जाते. कुत्रा पिसाळलेला आहे अशी सूचना अधिकाऱ्यांनी मालकाला दिली असताना त्याने तो आवरून ठेवला नाही आणि त्याच्या चाव्याने माणूस दगावला, तर मालकाने चाळीस शेकेल चांदी द्यावी, असे तीत म्हटले आहे. मरणारा गुलाम असेल तर ही रक्कम पंधरा शेकेलवर येते. माणसांच्या किमतीतील हा फरक त्या समाजाविषयी बरेच काही सांगून जातो. येथे कायद्याला चिंता आहे ती माणसाची; कुत्रा कसा आवरावा याविषयी तो काही सांगत नाही.

अथेन्समध्ये सोलोनने केलेल्या कायद्यांचे वर्णन प्लुटार्कने केले आहे. त्यानुसार चावलेला कुत्रा तीन हात लांबीच्या लाकडी लोढण्याला जखडून पीडिताच्या स्वाधीन करावा लागे. गुरांच्या गळ्यात लोढणे अडकविण्याची आपल्याकडील जुनी पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. ज्यूंच्या मिश्ना या धर्मविधिग्रंथात तर साखळीने बांधलेला असेल तरच कुत्रा पाळावा, असा स्पष्ट नियम आहे. रोममध्ये बाजारव्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आज्ञापत्राने सार्वजनिक वाटेवर इजा होईल अशा रीतीने रानडुक्कर, लांडगा, अस्वल, सिंह इत्यादी प्राणी ठेवण्यास मनाई केली होती आणि त्या यादीत कुत्र्याचाही समावेश होता. सिंहाच्या पंक्तीत कुत्रा बसविणाऱ्या या यादीत त्याच्या आकाराचा भेद केलेला दिसत नाही.

रोमन शेतीविषयक ग्रंथांतील विचार अधिक व्यवहारी आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील केटोच्या मते राखणीची कुत्री दिवसा कोंडून ठेवावीत, म्हणजे ती रात्री अधिक तल्लख राहतात. व्हॅरोने मेंढपाळाच्या कुत्र्यासाठी खिळे ठोकलेल्या चामडी पट्ट्याचे वर्णन केले आहे. लांडग्याने नरडे धरू नये हा त्याचा हेतू. या दोन उल्लेखांतील भेद लक्षणीय आहे. कोंडणे माणसाच्या सोयीसाठी होते, तर पट्टा कुत्र्याच्या जिवासाठी होता. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्याच्या भीतीने घालतात तो लोखंडी काट्यांचा पट्टा याच जातीचा होय. गळ्यातील पट्टा म्हणजे बंधनच, असे मानण्याची सवय पुढील काळात लागली, परंतु मुळात त्याची एक बाजू चिलखताची होती.

साखळीची दुसरी बाजू पॉम्पेई येथे दिसते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या या नगरातील एका घराच्या दारातील फरशीवर साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे चित्र असून त्याखाली कुत्र्यापासून सावध राहण्याचा इशारा लॅटिनमध्ये जडविलेला आहे. महाराष्ट्रातील बंगल्यांच्या फाटकांवर दिसणाऱ्या पाटीचा हा पूर्वजच म्हणावा लागेल. मात्र त्याच नगरातील दुसऱ्या एका घराच्या उत्खननात १८७४ मध्ये खरोखरीचा बांधलेला कुत्रा सापडला. राखेच्या थरात त्याच्या देहाची जी पोकळी उरली होती तीत प्लास्टर ओतून घेतलेला ठसा आज जगप्रसिद्ध आहे. अंग पिळवटलेले, पाय वर आणि गळ्यात पट्टा. घरातली माणसे निघून गेली असावीत. साखळी सोडावयास कोणी उरले नव्हते. पहिले चित्र वाटसरूसाठी काढलेले आहे. दुसऱ्या ठशात साखळीच्या टोकाला असलेल्या जिवाचे काय झाले ते दिसते. आग, पूर किंवा हल्ला यांपैकी कोणत्याही प्रसंगी बांधलेल्या प्राण्याला पळता येत नाही, हा साखळीचा मूलभूत दोष दोन हजार वर्षांत बदललेला नाही.

आकाराचा निकष

कुत्र्याच्या लहानपणाची दखल कायद्याने घेतल्याचे एक विलक्षण उदाहरण मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आढळते. राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवलेल्या अरण्यप्रदेशात राहणाऱ्या रयतेची कुत्री हरणांच्या मागे लागू नयेत म्हणून त्यांच्या पुढच्या पायाच्या तीन नख्या तोडण्याची प्रथा होती. १२१७ च्या अरण्य सनदेने या प्रथेला आळा घातला असला तरी ती रद्द केली नाही. दर तीन वर्षांनी पाहणी व्हावी, ज्याचा कुत्रा नख्यांसह सापडेल त्याने तीन शिलिंग दंड द्यावा आणि पायाची गादी मात्र तोडू नये, असे तीत ठरले. कुत्र्याला आवारात ठेवण्याऐवजी त्याच्या पायातच कुंपण घालण्याचा हा प्रकार होय.

न्यू फॉरेस्ट प्रदेशातील लिंडहर्स्ट येथील अरण्य न्यायालयाच्या दालनात एक मोठी रिकीब जतन केलेली आहे. जो कुत्रा तिच्यातून पार जाऊ शकेल तो हरणाला धोकादायक नाही, म्हणून त्याच्या नख्या तोडू नयेत, अशी परंपरा सांगितली जाते. ही रिकीब विल्यम रूफस या राजाची असल्याची समजूत असली तरी ती प्रत्यक्षात बरीच नंतरची आहे. तथापि परंपरेतील आशय महत्त्वाचा आहे. लहान कुत्र्याला येथे प्रथमच मोजमापाने वेगळे काढलेले दिसते. तो निरुपद्रवी ठरला आणि कायद्याच्या कक्षेबाहेर गेला. त्याला कोणापासून उपद्रव होतो का, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकातील लंडनने विचारावयास लावला. सुखवस्तू घरांत लहान जातींची कुत्री पाळण्याची आवड वाढली तसा त्यांच्या चोरीचा धंदाही वाढला. कुत्रा पळवावयाचा आणि खंडणी घेऊन परत करावयाचा, असे या टोळ्यांचे तंत्र होते. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिचा फ्लश नावाचा स्पॅनियल कुत्रा तीन वेळा चोरीस गेला. १८४६ च्या सप्टेंबरमध्ये, रॉबर्ट ब्राउनिंगशी विवाह होण्याच्या अवघे काही दिवस आधी, आजारी प्रकृतीची ही स्त्री घरच्यांचा विरोध पत्करून भाड्याच्या गाडीतून चोरांच्या वस्तीपर्यंत गेली आणि अखेर पैसे मोजून तिने कुत्रा सोडविला. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात कुत्रा हा चोरीचा विषयच होऊ शकत नसे, कारण त्याला गाईबैलांप्रमाणे मालमत्तेचे मूल्य नव्हते. १८४५ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून कुत्र्याची चोरी हा गुन्हा ठरविला. लहान कुत्र्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न राज्यव्यवस्थेपुढे आला तो असा, मालमत्तेच्या वाटेने.

तारेची जाळी आणि हिरवळ

याच सुमारास कुंपणाच्या तंत्रातही मोठा बदल झाला. तोपर्यंत कुंपण म्हणजे दगडी गडगा, लाकडी फळ्या किंवा जिवंत झुडपांची वई. गडगा महाग, तर वईच्या बुडातून लहान कुत्रा सहज निसटणार. इंग्लंडमधील नॉर्विच हे जुने लोकरी कापडाचे केंद्र. तेथील चार्ल्स बर्नार्ड या लोहव्यावसायिकाने १८४४ च्या सुमारास कापडाच्या मागाच्या धर्तीवर तार विणणारे यंत्र तयार केले. कापड विणण्याचे कसब उतरणीला लागलेल्या गावाने तार विणावयास घ्यावी, हा औद्योगिक इतिहासातील एक मनोज्ञ योगायोग आहे. विणलेल्या जाळीमुळे आरपार दिसणारे, हलके आणि लहान प्राण्यालाही रोखणारे कुंपण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्यानंतर तीस वर्षांनी, १८७४ मध्ये, अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन याला काटेरी तारेचे पेटंट मिळाले. ही तार गुरांसाठी होती. तिने अमेरिकेच्या माळरानाचा इतिहास बदलला. पण दोन तारांमधील अंतरातून जाणाऱ्या लहान कुत्र्याला ती अडवीत नाही आणि अंग मात्र फाडते. तरीही स्वस्त म्हणून घरगुती आवाराभोवतीही ती सर्रास ताणली जाते.

अमेरिकेतील उपनगरांनी या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. फ्रँक स्कॉट या लेखकाने १८७० मध्ये उपनगरी घरांच्या बागांविषयी ग्रंथ लिहून घरापुढील हिरवळ कुंपणाने झाकणे हे शेजारधर्माला सोडून असल्याचे मत मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ वसविलेल्या लेव्हिटटाउन वसाहतीत तर घरखरेदीच्या करारातच कुंपणाला मनाई होती. सलग हिरवळीचा हा आदर्श देशभर पसरला. परिणामी घराला आवार आहे, आवारात कुत्रा आहे, पुढे मोटारींचा रस्ता आहे आणि कुंपण घालण्याची सोय नाही, अशी स्थिती लाखो घरांची झाली. १९७० च्या दशकात रिचर्ड पेक या विक्रेत्याने शोधलेले अदृश्य कुंपण हे या सामाजिक परिस्थितीचेच अपत्य होय.

या साधनाची रचना साधी आहे. आवाराच्या कडेने जमिनीत तार पुरतात, तिच्यातून रेडिओ संकेत सोडतात आणि कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्यात ग्राहकयंत्र बसवितात. कुत्रा हद्दीजवळ आला की प्रथम सूचक आवाज येतो आणि तो न थांबल्यास मानेला विजेचा झटका बसतो. शेजाऱ्याच्या दृष्टीला काहीच खुपत नाही. परंतु हे कुंपण केवळ पट्टा घातलेल्या कुत्र्यालाच लागू असते. बाहेरचा कुत्रा, कोल्हा, चोर किंवा खोडकर मूल यांच्या लेखी ते अस्तित्वातच नसते. शिवाय सशाच्या मागे सुसाट निघालेला कुत्रा झटका सोसून बाहेर पडतो आणि भानावर आल्यावर परतताना तोच झटका त्याला घराबाहेर अडवून धरतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विद्युत कुंपणातील सुमारे ४४ टक्के कुत्री कधी ना कधी निसटल्याचे आढळले; प्रत्यक्ष कुंपणातील कुत्र्यांबाबत हेच प्रमाण सुमारे २३ टक्के होते. वेल्सने २०१० मध्ये विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर बंदी घातली व ती न्यायालयीन आव्हानातही टिकली.

साखळीविषयीचे मतही याच काळात बदलत गेले. डेन्व्हर शहरात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चावणाऱ्या कुत्र्यांचा साखळीशी असलेला संबंध न चावणाऱ्यांच्या तुलनेत २.८ पट आढळला. अर्थात, साखळीने कुत्रा चिडका होतो की चिडका असल्यामुळेच त्याला साखळी घातली जाते, हे अशा आकड्यावरून ठरविता येत नाही आणि प्रचारकी लेखनात याचा विसर पडतो. ऑस्ट्रियाने २००४ च्या कायद्याने कुत्रा तात्पुरताही बांधून ठेवण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियाने २००७ पासून स्थिर वस्तूला बांधण्याची मर्यादा दिवसातून तीन तासांवर आणली, पण दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेवर सरकणाऱ्या दोरीला मुभा ठेवली. पॉमेरेनियन किंवा चिवावासारख्या जातींत श्वासनलिका दबण्याचा विकार मुळातच अधिक असतो. त्यांच्या बाबतीत मानेच्या पट्ट्याला हिसका बसणे हीच इजा असते, त्यामुळे दोरी सरकती असली तरी ती छातीच्या पट्ट्याला बांधणे अगत्याचे ठरते.

भारतीय संदर्भ : १८३२, १८६०, १९६०

भारतीय खेड्यात कुत्रा बहुधा एका घराचा नसून आळीचा असे. चार घरचे तुकडे खाणारा, कोणाच्याही अंगणात निजणारा आणि परक्या माणसावर सगळ्यांच्या वतीने भुंकणारा. मालकीचा कुत्रा आणि मोकाट कुत्रा ही काटेकोर विभागणी येथे वसाहतकालीन नगरप्रशासनाने आणली. मुंबईत ती किती स्फोटक ठरली हे १८३२ च्या दंगलीवरून दिसते. रस्त्यावरील बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्यांना बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातून पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी लोकांची तक्रार होती. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने ६ जून १८३२ रोजी निषेधास प्रारंभ केला. त्यात हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही सामील झाले. दुकाने बंद पडली आणि गोऱ्या फौजेचा शिधा अडविला गेला. या प्रसंगाकडे धार्मिक भावनेचा उद्रेक म्हणून पाहिले जाते व ते योग्यही आहे. परंतु त्यात आवाराच्या हद्दीचाही प्रश्न होता. आवारातला कुत्रा राज्यसत्तेच्या हातापासून सुरक्षित असावा, ही अपेक्षा त्या निषेधात स्पष्ट दिसते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २८९ ने आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये इतपत बंदोबस्त न ठेवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २९१ मध्ये आली असून दंडाची मर्यादा पाच हजार झाली आहे. एश्नुन्नाच्या संहितेशी या कलमाचे नाते उघड आहे.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी दुसरी बाजू कायद्यात आली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खाजगी विधेयकाच्या पाठपुराव्यातून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम संमत झाला. त्याच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ प्राण्याला बांधून ठेवणे हा अपराध आहे आणि नेहमी बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडूफिरू न देणे हाही अपराध आहे. दुसऱ्या तरतुदीत कुत्र्याचा नामनिर्देश आहे, ही गोष्ट विशेष होय. मात्र पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच ठेवला गेला आणि तो आजही तेवढाच आहे. म्हणजे एकाच आवारातील एकाच कुत्र्याबाबत, तो सुटल्यास पाच हजार आणि तो दिवसभर आखडलेला राहिल्यास पन्नास, असा हिशेब मालकापुढे राहतो. साखळीची निवड सोपी का होते, याचे एक कारण येथे सापडते.

बिबट्याचे आवार

महाराष्ट्राच्या पश्चिम भागात या निवडीला जीवनमरणाचे स्वरूप आलेले आहे. उसाची शेती वाढली तसा बिबट्या मनुष्यवस्तीच्या निकट राहू लागला. अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१४ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासानुसार बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. शेळीपेक्षा कुत्रा अधिक, याचे कारण समजण्यासारखे आहे. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडल्या जातात, तर कुत्रा राखणीसाठी अंगणात राहतो. तो साखळीला असेल तर त्याला पळताही येत नाही. वस्तीवरील खांबाला बांधलेला लहान कुत्रा आणि पॉम्पेईच्या दारातील कुत्रा यांच्यात स्थितीचा फरक फारसा नाही.

म्हणून येथे केटोच्या सल्ल्याचा क्रम उलटा करावा लागतो. कुत्रा दिवसा आवारात मोकळा आणि रात्री बंद जागेत. दिवसाच्या आवारासाठीही जाळीचे डोळे कुत्र्याच्या डोक्याहून लहान असावे लागतात, जाळीचे बूड जमिनीत पुरून आतल्या बाजूस वळवावे लागते, कारण लहान कुत्री उकरण्यात पटाईत असतात, आणि फाटकाखालील फट बुजवावी लागते. रात्रीच्या जागेला छत अपरिहार्य आहे; बिबट्याला सहा फुटांची भिंत अडवीत नाही. जर्मनीने २००१ मध्ये केलेल्या कुत्रेपालन नियमावलीत पिंजऱ्याच्या कुंपणाविषयी दोन अटी एकत्र घातल्या आहेत. ते कुत्र्याला ओलांडता येता कामा नये आणि त्यापासून त्याला इजाही होता कामा नये. खांद्याची उंची पन्नास सेंटिमीटरपर्यंत असलेल्या कुत्र्यासाठीसुद्धा किमान सहा चौरस मीटर जागा सांगितली असून, पुढचे पाय उचलून उभा राहिलेला कुत्रा जेथवर पोहोचेल त्या उंचीपर्यंत विद्युतप्रवाह असलेले साधन लावण्यास मनाई आहे. त्या नियमावलीने बांधून ठेवण्याला घातलेल्या अटी पुढे २०२१ च्या दुरुस्तीने इतक्या कडक झाल्या की कामकरी कुत्र्यांचे अपवाद वगळता बांधणेच संपुष्टात आले. बाहेरून काय आत येईल, याचा विचार मात्र तिच्यात नाही. जर्मनीच्या आवारात बिबट्या येत नाही. अकोले, जुन्नर किंवा संगमनेरच्या वस्तीवर ती तिसरी अट मालकालाच घालून घ्यावी लागते, आणि बाजारात तयार मिळणाऱ्या कुत्र्याच्या घराला बहुधा दारच नसते.